गाडी कमी फिरली, तरी ऑइल म्हातारे होते

माझे मामा हिशेबाला पक्के. खताची रिकामी गोणीसुद्धा त्यांच्या वहीत मांडलेली असते. त्यांच्याकडे वीस वर्षांची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. पहाटे दुधाचे दोन कॅन घेऊन ३ किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर जायचे, परत यायचे आणि गाडी गोठ्याशेजारच्या छपरात लावायची. आठवड्याला एक बाजार, तोही ७ किलोमीटरवर. बस्स, एवढाच तिचा प्रवास.

“मामा, ऑइल कधी बदललं होतं?” असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, “अरे, गाडी फिरते कुठं? वर्षाला ३ हजार किलोमीटर होत नाहीत. पुस्तकात १० हजार लिहिलंय. होऊ देत की! आणि मी पट्टी बघतो ना. कमी दिसलं की वरून ओततो.”

अशी तीन वर्षे गेली. मग एका पावसाळी रात्री अकराच्या सुमारास मामींच्या छातीत कळ आली. तालुक्याचे रुग्णालय २२ किलोमीटर. मामांनी गाडी काढली. आठ-नऊ किलोमीटरवर समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. अशा वेळी दिव्याकडे कोण पाहतो? थोड्याच वेळात इंजिनातून हातोडी मारल्यासारखा आवाज येऊ लागला आणि कालव्याच्या पुलाजवळ गाडी जी थांबली, ती थांबलीच. वर पाऊस, आत मामी. नशीब म्हणून बाजाराला भाजी घेऊन निघालेला एक टेम्पो मागून आला आणि त्याने दोघांना रुग्णालयात पोचवले. मामी आज सुखरूप आहेत, म्हणून हे लिहायला हात धजतो.

मेस्त्रीने इंजिनचे चेंबर खोलले, तर तळाशी काकवीसारखा काळा, घट्ट चिखल. ऑइल ओढून घेणारी जाळी त्यात बुजून गेली होती. चेंबरमध्ये ऑइल होते, पण वर चढत नव्हते. बेअरिंग गेले, क्रँकला चरे पडले, इंजिनकाम निघाले. आलेल्या बिलात दहा वर्षांचे ऑइल आणि फिल्टर सहज आले असते. मामांनी किलोमीटर मोजले होते. महिने मोजलेच नव्हते.

ऑइल खराब कशाने होते?

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले, तर चाक कुरकुरते आणि आस झिजतो, हे आपल्या घरातल्या पोरालाही कळते. बैलगाडीचे चाक सावकाश फिरते. मोटारीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असले, तर त्यातला पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली जातो. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मध्ये असतो तो ऑइलचा पातळ पडदा. शिवाय हेच ऑइल आतली उष्णता वाहून नेते, काजळी व मळ धुऊन काढते आणि गंज रोखते. त्यासाठी त्यात मळ धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. पिकावर फवारलेल्या औषधाचा जोर जसा काही दिवसांनी ओसरतो, तशी ही द्रव्येही हळूहळू संपतात.

आता खरी गंमत ऐका. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते! ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. थंडीत पहाटे सायलेन्सरमधून थेंब टपकतात, ते हेच पाणी. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन थंड असताना न जळलेले थोडे पेट्रोलही तिच्याबरोबर जाते. लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापते आणि हे पाणी, हे पेट्रोल उडून जाते. ३ किलोमीटरच्या फेरीत मात्र ऑइल जेमतेम कोमट होते. ते नीट तापायला पंधरा-वीस मिनिटांची चाल लागते. पाणी आतच राहते, काजळीत मिसळते, आम्ल तयार होते आणि हळूहळू चिखल बसतो.

म्हणजे गाडी कमी फिरते म्हणून आपण ऑइल बदलत नाही, आणि थोडी थोडी फिरते म्हणूनच ते लवकर बिघडते. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अँबॅसडरही त्याच वर्षी बंद झाली. अशा गाड्या आजही खेड्यापाड्यांत आहेत आणि बहुतेक असल्याच जवळच्या फेऱ्या करतात. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असल्याने ही घाण अधिकच खाली उतरते.

वरून ओतणे म्हणजे बदलणे नव्हे

पट्टीवर ऑइल कमी दिसले, तर भर घातलीच पाहिजे. पण नासक्या दुधात पेलाभर ताजे दूध ओतले, म्हणून ते सुधारते का? जुने काढून नवे घालावे, तेव्हाच चेंबरमधली घाण बाहेर पडते.

नुसत्या रंगावरही जाऊ नये. ऑइल काळे पडते, कारण ते मळ धरून ठेवते. डिझेल गाडीत तर ते लवकरच काळे होते. बोटाला चिखलासारखे गचगचीत लागले, पेट्रोलचा उग्र वास आला किंवा ऑइल घालायच्या झाकणाला आतून लोण्यासारखा पिवळट थर दिसला, तर सावध व्हावे. हा थर बहुधा ओलाव्याचा असतो. पण रेडिएटरमधले पाणीही कमी होत असेल, तर हेडचे गॅस्केट गेलेले असू शकते. गाडी मेस्त्रीला दाखवावी.

काय करावे?

जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत साधारण ५ ते १० हजार किलोमीटर किंवा सहा महिने ते एक वर्ष, यांत जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. ‘जे आधी येईल ते’ हे शब्द आपण वाचतच नाही. रोज जवळच्याच फेऱ्या असतील, तर सहा महिन्यांनी ऑइल बदलावे. छोट्या गाडीला ते ३ लिटरच्या आसपास लागते. प्रत्येक वेळी फिल्टरही नवा घालावा. पुस्तकात सांगितलेल्या नंबरचेच ऑइल आणावे; ट्रॅक्टरचे डब्यात उरले आहे म्हणून पेट्रोल गाडीत ओतू नये. ऑइल काढताना इंजिन थोडे गरम असावे, म्हणजे ते पातळ होऊन मळासह उतरते. नवे भरल्यावर गाडी मिनिटभर चालवावी, बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि सपाट जागेवर पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेपलीकडे भरणेही वाईटच.

दोन-तीन वर्षे ऑइल बदलले नसेल, तर घाबरू नये. नवे ऑइल व फिल्टर घालावे, हजारेक किलोमीटर किंवा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दोन्ही बदलावे. त्यामुळे आतला चिखल हळूहळू सुटून येतो. पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवून आणावी. आणि चालत्या गाडीत लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करावे. “गावापर्यंत जाऊ” म्हणण्यातच इंजिन जाते.

काढलेले ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नये. जनावरांच्या जखमेला किंवा शिंगांना लावू नये, चुलीत जाळू नये. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि विषारी द्रव्ये असतात. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. डब्यात भरून, ते पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे पोचते करावे.

तारीख लक्षात कशी ठेवायची? दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो. त्याच दिवसांत तिचे ऑइलही बदलावे. तिथून सुमारे सहा महिन्यांवर गुढीपाडवा येतो, तेव्हा दुसऱ्यांदा. मामांनी आता तसेच ठरवले आहे. यंदाच्या दसऱ्याला हार घालण्याआधी त्यांनी बॉनेट उघडले, पट्टी पुसून पाहिली आणि वहीत तारीख लिहिली. मामी ओट्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, “माझ्या औषधाचीही तारीख त्याच पानावर लिहा.”