सहल कुणाची, पाणी कुणाचे?

सोयगाव तालुक्यातल्या माणसाला अजिंठ्याचे अप्रूप नाही, असे बाहेरचे लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरणारे जपानचे, थायलंडचे, श्रीलंकेचे भिक्खू आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ते हजारो मैलांवरून यायचे, लेण्यात मस्तक टेकवायचे आणि निघून जायचे. हे ज्या देशातून येतात तो देश आपणही पाहावा, हा विचार आमच्या मनाला शिवला नाही. जग पाहणे हे दुसऱ्यांचे काम आणि कापूस वेचणे हे आपले, हेच पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गळी उतरवले गेले होते.

आम्ही पाच वर्गमित्र. एक शिक्षक, एक एसटीचा निवृत्त कंडक्टर, एक बँकेतला कारकून आणि दोघे शेतकरी. तीन वर्षे भिशी लावून पैसे जमवले आणि मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेच्या तोंडावर, श्रीलंकेला निघालो. गावात कुजबुज झालीच. 'समाज कुठे आणि हे कुठे? मौजमजा सुचते कशी?' पैसा आमच्या घामाचा होता, पण प्रश्न अगदीच खोटा नव्हता. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

बाबासाहेबही सहलीला निघाले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. हाच आमचा जिल्हा, तेव्हा निजामाच्या राज्यात. अपमान टळावा म्हणून ओळख न सांगता प्रवास करायचे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. धुळीने माखलेल्या काही सहकाऱ्यांनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. झाले! हौद बाटवला म्हणून जमाव गोळा झाला, शिवीगाळ सुरू झाली. अखेर आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, किल्ला पाहू दिला गेला. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे उलटली होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या महामानवाला आपल्याच मुलखात सहल करता येत नव्हती!

ही आठवण मनात घेऊनच आम्ही कोलंबोजवळच्या विमानतळावर उतरलो. चालकासह एक व्हॅन ठरवली आणि अनुराधपूरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना नारळ, भाताची खाचरे, मधूनच कमळांनी भरलेले तलाव. वैशाख पौर्णिमेला तिथे 'वेसाक' म्हणतात. दारोदारी कागदी कंदील लागलेले, आणि रस्त्याकडेला 'दन्सल', म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मोफत अन्नपाणी. गावची पोरे गाड्यांना हात करून थांबवत होती. एकाने आमच्या कंडक्टर मित्राच्या हातात सरबताचा पेला दिला. तो पेला धरून तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कुणी आडनाव नाही विचारलं रे." त्याच्या वडिलांनी सारी हयात मालकाच्या शेतावर वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायले होते. पाचांपैकी कुणालाच पुढे बोलवेना. या सहलीचा सर्वांत सुंदर देखावा विचाराल, तर तो हाच.

अनुराधपूरला संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला वृक्ष पाहिला. पुढे सिगिरिया. सपाट रानातून एकदम उभा राहिलेला, जवळपास दोनशे मीटर उंचीचा खडक. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्यावर महाल बांधला. अर्ध्या वाटेवर, कपारीत रंगवलेल्या स्त्रिया दिसल्या आणि आमचा शिक्षक मित्र ओरडला, "अरे, ही तर आपली चित्रं!" तेच डोळे, तीच बोटे. आमचे १७ क्रमांकाचे लेणेही त्याच शतकातले. खालच्या गुळगुळीत भिंतीवर शेकडो वर्षांत येऊन गेलेल्या प्रवाशांनी आपल्या ओळी कोरून ठेवल्या आहेत. सेनरत परणवितान या विद्वानाने त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. पाहिलेले लिहून ठेवावे, हे आम्ही त्या भिंतीकडून शिकलो.

मग कँडी. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब इथे जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. बौद्ध देश म्हणून सारे आलबेल आहे, असे मात्र कुणी समजू नये. इथल्या स्याम निकायात उपसंपदा उच्च मानल्या गेलेल्या गोविगम जातीलाच दिली जाते. म्हणून इतर जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा आणावी लागली आणि त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. जात चीवरातही शिरते, हे आम्ही डोळसपणे नोंदवतो.

कँडीहून नुवारा एलियाचा घाट चढताना व्हॅनमध्ये शब्द फुटेना. रंबोडाचा धबधबा, ढगात बुडालेले डोंगर, नजर जाईल तिथवर चहाचे मळे. फोटो काढून बोटे दुखली. मग फोटोतल्या बायका दिसल्या. डोक्याला पट्टा, पाठीवर पोते, उतारावर वाकलेल्या. यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतून मळ्यांवर आणले. त्यांत अस्पृश्य ठरवलेले पुष्कळ होते. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारले. १९६४ च्या करारानुसार लाखो लोकांना भारतात पाठवायचे ठरले. उरलेल्यांचा प्रश्न निकाली काढणारा कायदा यायला २००३ साल उजाडले. मळ्यातल्या 'लाईन'मधल्या एकेका खोलीत आजही कुटुंबेच्या कुटुंबे राहतात. जाहिरातीतला देखावा हिरवा असतो, त्यात माणूस नसतो. आम्हाला तो दिसला, कारण आम्ही स्वतः वेचणाऱ्यांची पोरे आहोत.

हेच आमचे उत्तर. सहल ही चैन नव्हे, तो हक्क आहे. पण आपण पाहताना माणूस वगळून पाहायचे नाही.

गावी परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही पाचही जण फर्दापूरला गेलो, या खेपेला बायकापोरांसह. १७ क्रमांकाच्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, सिंहल व्यापाऱ्याच्या सागरप्रवासाची कथा रंगवलेली आहे. तो लंकेला पोहोचतो ती कथा! पंधराशे वर्षे ती आमच्या शेजारी होती आणि आम्ही ती कधी नीट पाहिली नव्हती. एका पोरीने विचारले, "बाबा, तुम्ही गेलात तो देश हाच का?"

बांधवांनो, पुढच्या भिशीत पोरींचेही नाव घाला.