झाडीबोलीला शोकांतिका हवी

तुमसर तालुक्यातले चिखला बाहेरच्यांना ठाऊक आहे ते मँगनीजसाठी. १८९६ साली मध्य प्रांतात हे खनिज शोधायला एक सिंडिकेट उभी राहिली, तिची ब्रिटिश कंपनी झाली आणि १९६२ साली तिच्या जागी मॉईल ही कंपनी आली. भूशास्त्रज्ञ फर्मर यांचा भारतातल्या मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. भंडाऱ्याच्या भूगर्भातला दगड असा शतकापूर्वीच मोजून झाला. त्या दगडावर राहणाऱ्या माणसांच्या झाडी या बोलीकडे एवढ्या बारकाईने पाहिले जायला मात्र फार काळ जावा लागला. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला आणि इकडच्या बोलींची त्यात दखलही आली. पण झाडीचे शब्द गावोगाव फिरून गोळा करणे, त्यांचा कोश करणे, संमेलने भरवणे हे काम अलीकडचे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि झाडीबोली साहित्य मंडळ यांनी ते उभे केले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत आज झाडीत कविता लिहिणारी एक पिढीच तयार आहे, ती या कष्टांमुळे.

या चळवळीचा आढावा घेताना मला आयर्लंड सारखे आठवते. आपला त्या बेटाशी संबंध जुना आहे. डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला २४ एप्रिल १९१६ ला. टिळकांचा होमरूल संघ बेळगावात स्थापन झाला त्याच आठवड्यात, २८ तारखेला. होमरूल हे नावच आयरिश राजकारणातले. टिळकांच्या संघाच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रांत होता, म्हणजे आपला भंडाराही. राजकारण आपण तिथून घेतले. त्यांच्या साहित्याचे पुनरुज्जीवन कसे झाले, हे मात्र पुरेसे वाचले नाही.

१८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. सर्वात मोठा घाव बसला तो पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या गावांवर. १८९३ साली डग्लस हाइड आणि ओइन मॅकनील यांनी गेलिक लीग काढली. गावोगाव वर्ग भरू लागले, मोठी माणसे आजीची भाषा नव्याने शिकू लागली. त्याच वर्षी हाइडने कॉनाक्टची प्रेमगीते मूळ भाषेत आणि भाषांतरासह छापली. लोकांच्या तोंडी असलेले कागदावर आले आणि लेखकांना पायाखाली जमीन मिळाली.

तरीही मला सर्वात मोलाची वाटते ती तिथली रंगभूमी. इंग्रजी नाटकांत आयरिश माणूस पिढ्यान्‌पिढ्या विदूषक होता: दारुडा, बडबड्या, वेड्यावाकड्या उच्चारांनी हशा पिकवणारा. येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांनी १८९७ साली नव्या नाट्यसंस्थेचा विचार मांडला, तेव्हा ही विटंबना थांबवणे हा त्यांचा जाहीर हेतू होता. १९०४ च्या डिसेंबरात ॲबी थिएटर उघडले. जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ पासून अरान बेटांवर जाऊन कोळ्यांत राहत होता, त्यांचे बोलणे कान देऊन ऐकत होता. त्याच्या ‘रायडर्स टू द सी’मध्ये एक म्हातारी आई एकेक मुलगा समुद्राला गमावते आणि तिचा शोक त्याच गावंढळ ठरवलेल्या, आयरिश वळणाच्या इंग्रजीत येतो. कुणाला हसू येत नाही. १९०७ साली त्याच्याच ‘प्लेबॉय’वर प्रेक्षकांनी दंगा केला, कारण त्यांना आपला शेतकरी फक्त सोज्वळ हवा होता. सिंगने कुरवाळणेही नाकारले आणि हिणवणेही.

आता झाडीपट्टीकडे, म्हणजे झाडी बोलणाऱ्या आपल्या या मुलखाकडे या. थंडीचा अंधार पसरला की इकडे नाटके जागतात. धान कापून होते, भाऊबीजेपासून मंडया भरतात, दंडार आणि खडी गंमत रंगते, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावात पाहुणे उतरतात आणि रात्रभर नाटक चालते. देसाईगंज-वडसा हे या नाटक कंपन्यांचे माहेर. पटांवर २०१४ साली न्यायालयाची बंदी आली तेव्हा नाटकांचा एक मोठा आधारच हलला. डिसेंबर २०२१ नंतर पट पुन्हा सुरू झाले. २०२३ साली इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तो अख्ख्या झाडीपट्टीचा मान होता. कुठल्याही अनुदानावाचून, तिकिटाच्या पैशावर हजारो माणसे तंबूत पहाटेपर्यंत बसतात. ॲबीच्या संस्थापकांनाही असा प्रेक्षक मिळाला नव्हता.

आणि तरी यातल्या पुष्कळ नाटकांत नायक-नायिका, आई-बाप, न्यायाधीश प्रमाण मराठीत बोलतात, आणि झाडी येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. हे मला मनापासून खुपते. झाडीतला विनोद अस्सल आहे, तो राहायलाच हवा. पण ज्या बोलीत घरी बाप मुलाला रागावतो, नवऱ्याच्या चितेसमोर बाई रडते, सावकाराशी भांडण होते, ती बोली रंगमंचावर फक्त हसण्यापुरती उरली तर ऐकणारी मुले एकच गोष्ट शिकतील: गंभीर बोलायचे तर झाडी सोडायची.

तुलना फार ताणता येत नाही. आयरिश ही इंग्रजीहून वेगळी भाषा आहे. झाडी मराठीचीच बोली. आयरिशशी जोडून पाहायचीच, तर आपल्याकडे गोंडी आहे, आणि तिचा प्रश्न अधिक बिकट आहे. झाडीचे नाते सिंगने घडवलेल्या त्या आयरिश वळणाच्या इंग्रजीशी जास्त जुळते. शिवाय १९२२ नंतर तिथल्या सरकारने शाळांत आयरिश सक्तीची केली, तरी बहुतेक घरांत ती परतली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद मला आहे; पण त्या दर्जाने चिखल्याच्या घराघरात झाडी टिकेल असे मला वाटत नाही.

तिथल्या सरकारच्या एका उपक्रमाचा मात्र मला हेवा वाटतो. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना काम दिले: घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधी, खेळ, म्हणी, दुष्काळाच्या आठवणी ऐका आणि वहीत लिहा. जवळपास पन्नास हजार मुलांनी लिहिलेल्या त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. चिखला, सीतासावंगी, गोबरवाही इथल्या शाळांत हे एका हिवाळ्यात होऊ शकते. इथे धान रोवणाऱ्या बायांची गाणी आहेत, सीमेपलीकडच्या बालाघाटाशी सोयरीक आहे, पोवारी आहे, गोंडी आहे आणि खाणीत पोटासाठी उतरणाऱ्या माणसांचे शतकाहून जुने आयुष्य आहे. खाणीतल्या कामगाराच्या घरी रात्रपाळीचा माणूस परतेपर्यंत कोण जागे राहते, काय बोलते, हे त्याच्याच नातवाने आजीच्या बोलीत लिहून आणावे. झाडीपट्टीच्या नाटककाराला त्या वहीत त्याच्या शोकांतिकेतली आई सापडेल.