घरी बांधलेली मोटार : हौस, हिशेब आणि पश्चात्ताप



मोटार कारखान्यात तयार होते आणि पैसेवाला ती विकत घेतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. परंतु इंग्लंडमध्ये घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने मोटार बांधणारी साधी नोकरदार माणसे पुष्कळ आहेत. कारखान्याकडून चासी, बॉडी व काही सुटे भाग घ्यायचे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुळवणी करायची. अशा गाडीला तिकडे ‘किट कार’ म्हणतात. काहींच्या गाड्या रस्त्यावर धावल्या. पुष्कळांच्या अर्ध्यावर राहिल्या आणि मिळेल त्या भावाला विकल्या गेल्या.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वस्तीवस्तीतून गॅरेजात काम करणारी, वेल्डिंग जाणणारी, भंगारातून इंजिन उचलून आणणारी मुले आहेत. मोबाईलवर चित्रफिती पाहून ‘आपणही गाडी बनवू’ असे ती म्हणतात आणि बापाच्या पीएफवर, आईच्या बचत गटाच्या पैशावर त्यांची नजर जाते. मुलाच्या हुन्नराला नाही म्हणणे चूक आणि डोळे झाकून हो म्हणणेही चूक. म्हणून ज्यांनी हे करून पाहिले, त्यांच्या अनुभवातून आपण काय घ्यावे ते आम्ही येथे मांडत आहोत.

ही हौस कशी जन्मली

१९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची छोटी, हलकी गाडी काढली. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी कर असे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. म्हणून लोक संच घेऊन घरी गाडी जुळवू लागले. म्हणजे ही हौस मुळात काटकसरीतून आली. जुळवणीची पुस्तिका देता येत नसे, म्हणून कंपनीने गाडी खोलण्याची पुस्तिका दिली आणि लोकांनी ती उलटी वाचली, अशी गंमतही तिकडे सांगतात. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच साली सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीने घेतले. करातली बचत गेली, तरी हौस मात्र टिकली.

पुढे १९९६ साली औंडल येथील शाळेत शिकवणारे रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक निघाले. अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधता येते, असा त्याचा दावा. चौकोनी लोखंडी नळ्या कापून चासी स्वतः वेल्ड करायची आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरायचे, अशी ती रीत. या पुस्तकाने कामगार वर्गातील अनेकांच्या हातात वेल्डिंगची कांडी दिली. पण २५० पौंडांत गाडी पुरी झाली असे सांगणारे फार थोडे भेटतात.

पहिला धडा : किटची किंमत म्हणजे गाडीची किंमत नव्हे

जाहिरातीत दिसतो तो आकडा चासी-बॉडीचा असतो. टायर, वायरिंग, रेडिएटर, ब्रेकच्या नळ्या, सीटबेल्ट, रंग, चाचणीची फी हे सारे वेगळे. आणि ज्याची आठवण कोणालाच राहत नाही ते म्हणजे नट-बोल्ट, क्लॅम्प, रबरी बुश, वेल्डिंगचे रॉड आणि स्वतःची हत्यारे. वीस-वीस रुपयांची वस्तू शंभर वेळा आणली की किती होते, हे घर चालवणाऱ्या बाईला विचारावे. जुन्या गाडीतून काढलेले इंजिन ‘चालू आहे’ म्हणून घ्यावे आणि उघडल्यावर बोअर-पिस्टनचे काम निघावे, हे तर नेहमीचेच.

यावर उपाय एकच. आरंभीच वही घालावी. पहिल्या पानावर एकूण किती खर्च करणार ते लिहावे आणि त्या आकड्याखाली घरातील दोघांनीही सही करावी. पोटाचा, शाळेच्या फीचा आणि दवाखान्याचा पैसा या वहीत कधीच येऊ देऊ नये. कर्ज काढून तर ही हौस करूच नये. अर्धवट गाडीवर कोणी दमडी देत नाही, हप्ता मात्र थांबत नाही.

दुसरा धडा : खोलणे एका दिवसाचे, जुळवणे वर्षाचे

जुनी गाडी दोन माणसे दोन दिवसांत मोकळी करतात. त्या वेळी उत्साह दांडगा असतो. सारे नट-बोल्ट एका घमेल्यात टाकले जातात. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला ते कोणालाच आठवत नाही. शहाणा मिस्त्री काय करतो? प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवतो, डब्यावर चिठ्ठी लावतो, वायर सोडण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांना एकच खूण बांधतो. आता तर मोबाईल हाताशी आहे. खोलण्यापूर्वी दर पायरीचा फोटो घ्यावा. काम सावकाश होते, पण पुढचे महिने वाचतात.

वेळेचेही तसेच. ‘दिवाळीपर्यंत होईल’ म्हणून सुरू केलेले काम तीन-तीन वर्षे चालते, कारण नोकरी करून उरणारा वेळ रविवारचाच. तोही लग्नकार्यात, आजारपणात, वस्तीच्या कामात जातो. म्हणून आठवड्याला एकच लहान काम ठरवावे आणि ते पुरे करूनच उठावे.

तिसरा धडा : कागद नसेल तर गाडी नाही

इंग्लंडमध्ये घरी बांधलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. १९९८ पासून अशा एकेका गाडीची सरकारी तपासणी सुरू झाली आणि २००९ पासून तिची जागा अधिक कडक तपासणीने घेतली. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्टचे बोल्ट, धूर, आवाज असे सारे पाहतात. बाहेरून हात लागेल अशी धारदार कडासुद्धा चालत नाही; ती ठरलेल्या मापाने गोल केलेली असावी लागते. नापास झाले की दुरुस्ती करून पुन्हा फी भरावी लागते.

भाग कोठून घेतले, मूळ गाडी कोणती, हे दाखवावे लागते. ते सिद्ध झाले नाही तर गाडीला ‘क्यू’ अक्षराचा नंबर मिळतो, म्हणजे हिचे वय व कुळ अनिश्चित असा शिक्का. पावत्या फेकून दिल्या म्हणून हळहळणारे तिकडे पुष्कळ आहेत. काम सुरू करण्यापूर्वी नियम वाचावा, काम संपल्यावर नव्हे.

चौथा धडा : जीव आणि डोळे परत मिळत नाहीत

पैशाचा तोटा भरून निघतो, शरीराचा निघत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली पक्के स्टँड हवेत. पेट्रोलची जुनी टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते; तिला वेल्डिंग करणे म्हणजे बॉम्बला काडी लावणे होय. काळ्या काचेशिवाय वेल्डिंगकडे पाहू नये, ग्राइंडरचा गार्ड काढून काम करू नये. जुन्या ब्रेक लायनरची भुकटी तोंडाने फुंकून काढू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाचा घात करते. लहान मुले शेडच्या बाहेर ठेवावीत.

आपल्याकडे काय घडले

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातील भाग जमवून, मुलाच्या हौसेसाठी, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बांधली. खर्च सुमारे ६०,००० रुपये आल्याचे वृत्तपत्रांनी छापले. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या गाडीचे जाहीर कौतुक केले आणि त्याच वेळी हेही सांगितले की, नियमात बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवले जाईल. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ती गाडी घेऊन बदल्यात नवी बोलेरो दिली. लोहार यांच्या हाताचे कौतुक करावे तितके थोडेच. पण प्रत्येक कारागिराच्या दारी बोलेरो येत नाही, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नवीन नमुन्याच्या वाहनाला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते, आणि तो खर्च एकट्या माणसाला झेपणारा नाही. इंग्लंडमधल्या हौशी माणसाला जशी एका गाडीच्या तपासणीची सोपी वाट आहे, तशी आपल्याकडे नाही. नोंदलेल्या गाडीतही मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कंपनीच्या मूळ रचनेच्या बाहेर जाणारा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सीएनजी किंवा विजेचे मान्यताप्राप्त किट अधिकृत ठिकाणी बसवून आरसीवर नोंद करून घेतली, तर ते चालते.

सर्वांत मोठी गोष्ट विम्याची. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अशा गाडीखाली कोणी सापडले तर नुकसानभरपाई मालकाच्या बोकांडी बसते. घर-जागा विकून ती भरावी लागते. आणि चालवणारा अल्पवयीन असेल तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हौसेपायी दोन कुटुंबे उद्ध्वस्त होऊ नयेत.

पश्चात्तापाचे काय करावे

ज्यांचा पैसा गेला, ज्यांची गाडी अर्धी राहिली, ते पुढे वर्षानुवर्षे हळहळतात. त्या हळहळीत घरात भांडणे होतात. बुद्धांनी चित्ताची जी पाच नीवरणे सांगितली, त्यांत ‘उद्धच्च-कुक्कुच्च’ हे एक आहे. म्हणजे चित्ताची चंचलता आणि केल्या-न केल्याची टोचणी. टोचणी माणसाला सुधारत नाही, ती त्याला जागीच खिळवते. सुधारते ते कारण शोधणे.

चुंद हा लोहारकाम करणाऱ्याचा मुलगा. बुद्धांनी शेवटचे भोजन त्याच्याकडे केले. आपल्या अन्नामुळे तथागत गेले असे वाटून चुंद झुरत राहील, हे ओळखून बुद्धांनी आनंदाला सांगून ठेवले की, त्याच्या मनातील खंत दूर करावी. प्रयत्न सद्हेतूने केला असेल तर माणसाला दोष देत बसू नये, ही करुणा यात आहे. घरातील मुलाचा प्रयोग फसला तर आईबापांनी हेच करावे. काय शिकलास, असे विचारावे. पैसे बुडवलेस, असे रोज ऐकवू नये.

मग हुन्नर वाया घालवायचा का?

मुळीच नाही. इंग्लंडात शाळेत शिकवणारा माणूस शेडमध्ये हात काळे करतो आणि कोणी त्याला हलके समजत नाही. आपल्याकडे हात काळे करणाराच हलका ठरवला गेला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळात बेव्हिन योजनेखाली हिंदी कामगारांना तांत्रिक शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले जाई, ते कामही मजूर खात्याकडे होते. हातातील कौशल्याला शिक्षणाची आणि प्रमाणपत्राची जोड मिळाली तरच कामगाराला मान व दाम मिळतो.

म्हणून ज्या मुलाला गाडीचे वेड आहे त्याला आयटीआयला घालावे. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर व मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आहे. त्यानंतर १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिस होता येते. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांसाठी ‘बाहा’ स्पर्धा २००७ पासून आपल्या देशात भरते. तेथे विद्यार्थी स्वतः आराखडा करून छोटी गाडी बांधतात आणि ती बंदिस्त मैदानावर चालवतात. मुलींनीही या संघांत मागे राहू नये.

घरी शिकायचेच असेल तर भंगारातील एक इंजिन घ्यावे, पूर्ण खोलावे आणि पुन्हा सुरू करून दाखवावे. त्याला रस्ता लागत नाही, आरटीओ लागत नाही आणि खर्चही वहीत मावतो. वस्तीच्या विहारात महिन्यातून एक रविवार एखाद्या निवृत्त मिस्त्रीने मुलांना पाना कसा धरावा हे शिकवले, तर ते मोठेच काम होईल. आपल्या वस्तीत असे मिस्त्री आहेत. त्यांना बोलावणे तेवढे बाकी आहे.