संकेतार्थाचे एक उदाहरण : रॉबिन्सन आणि हॅग्लर

मुष्टियुद्धाच्या जाणकारांत एक प्रश्न वारंवार निघतो : शुगर रे रॉबिन्सन मार्व्हिन हॅग्लरशी लढला असता, तर कोण जिंकला असता? दोघेही मध्यम वजनगटाचे, म्हणजे 160 पौंडांच्या मर्यादेतील, जगज्जेते. परंतु जेक लामोटाला हरवून रॉबिन्सनने हे पद प्रथम मिळविले ते 1951 साली. हॅग्लरचा जन्मच 1954 चा, आणि त्याचे जगज्जेतेपद 1980 ते 1987 या काळातले. जी लढत झाली नाही व होणे शक्यही नव्हते, तिच्याविषयीचा वाद रिकामटेकडेपणाचा समजून विद्वज्जन सोडून देतात. प्रस्तुत लेखकास मात्र तो वर्गात संकेतार्थ शिकविताना फार उपयोगी पडला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

'लढला तर जिंकेल' हे वाक्य भवितव्य मोकळे ठेवते. 'लढता तर जिंकता' व 'लढला असता तर जिंकला असता' या रचनांत मात्र पूर्ववाक्यातील गोष्ट घडलेली नाही, हे वक्त्याने गृहीत धरलेले असते. व्याकरणात आपण येथेच थांबतो. परंतु जे घडलेच नाही त्याविषयीचे एक विधान बरोबर आणि दुसरे चूक, असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' या नित्याच्या उदाहरणात ही अडचण जाणवत नाही. कारण एक पाऊस सोडला, तर बाकीचे जग जसेच्या तसे राहिले असते, असे आपण मनोमन धरून चालतो. दोन काळांतील योद्धे समोरासमोर उभे करावयाचे म्हटले, की जगातले काय हलवावयाचे आणि काय राहू द्यावयाचे, हे आधी ठरवावे लागते.

तत्त्वज्ञ क्वाइन यांचे सीझरविषयीचे उदाहरण येथे आठवते. सीझर कोरियाच्या युद्धात सेनापती असता तर त्याने अणुबाँब वापरला असता, असे म्हणता येते. त्याने दगडफेकीची यंत्रे वापरली असती, असेही म्हणता येते. पहिल्या विधानात सीझरला आपल्या काळाचे ज्ञान दिले आहे, दुसऱ्यात त्याचेच ज्ञान त्याच्याबरोबर आणले आहे. भाषेत मात्र दोन्हींचे पूर्ववाक्य अक्षरशः एकच.

ही गोष्ट एकदा पडद्यावरही दिसली. 1969 साली रॉकी मार्सियानो व महंमद अली या दोन वेगळ्या काळांतील, परंतु सर्वांत जड वजनगटातील जगज्जेत्यांची काल्पनिक लढत चित्रित करण्यात आली. निकाल संगणकाने ठरविला, अशी जाहिरात होती. निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले होते. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेत ती दाखविली गेली, तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखविण्यात आला. स्वतः मार्सियानो ऑगस्ट 1969 मध्येच विमान अपघातात मृत्यू पावला होता. (यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. गृहीते माणसांनीच पुरविली होती.)

आता आपल्या जोडीकडे वळू. कोणता रॉबिन्सन? 147 पौंडांच्या गटातला रॉबिन्सन अनेकांच्या मते सर्वश्रेष्ठ. पण तो हॅग्लरच्या गटाचा नव्हे. तेव्हा 1951 च्या फेब्रुवारीतला रॉबिन्सन घेणे न्याय्य होय : 1943 नंतर तोपर्यंत एकही लढत न हरलेला. त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये टर्पिनने त्याला हरविले, हेही विसरता कामा नये. हॅग्लर 1985 चा घ्यावा, ज्याने हर्न्सला तिसऱ्या फेरीत निकालात काढले.

यापुढचा प्रश्न फेऱ्यांचा, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. रॉबिन्सनच्या काळी जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. 1982 मध्ये किम दुक-कू या कोरियन योद्ध्याच्या मृत्यूनंतर ती हळूहळू बारा फेऱ्यांवर आली. हॅग्लर दोन्ही प्रकारे लढला. 1983 मध्ये ड्युरानविरुद्ध तेरा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन पंचांच्या गुणपत्रिकांवर ड्युरान पुढे होता. शेवटच्या दोन फेऱ्यांनी हॅग्लरला तारले. उलट 1987 मध्ये लेनर्डविरुद्धची लढत बारा फेऱ्यांची होती. चपळ पायांच्या लेनर्डने ती पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने जिंकली. या लेनर्डने 'शुगर रे' हे नाव रॉबिन्सनवरूनच घेतले होते.

म्हणून 'रॉबिन्सन जिंकला असता' हे विधान बारा फेऱ्यांपुरते मला मान्य आहे. लेनर्डपाशी जी गती होती, तीच रॉबिन्सनपाशी होती, आणि शिवाय एका ठोशात लढत संपविण्याची ताकद. 1957 मध्ये फुल्मरला पाडणारा त्याचा डावा हुक त्याची साक्ष देतो. पंधरा फेऱ्या धरल्यास मी इतका निःशंक नाही. रॉबिन्सनची लढत मुदतीपूर्वी थांबली ती सबंध कारकीर्दीत एकदाच, 1952 मध्ये मॅक्झिमविरुद्ध, आणि तीही न्यूयॉर्कच्या असह्य उकाड्यामुळे. गुणांत तो पुढे होता, पण चौदाव्या फेरीसाठी त्याला उठता आले नाही. हॅग्लर अधिकृत नोंदीनुसार जमिनीवर पडला तोही एकदाच, 1984 मध्ये, आणि तो ठोसा होता की घसरणे, याविषयी अजून मतभेद आहेत.

विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले, मग चौदाव्या फेरीच्या वेळी हवा कशी धरावयाची?