पोकळीचे कवच

साध्या मोबाइलवर फोन येण्याच्या क्षणभर आधी शेजारच्या रेडिओतून खरखर ऐकू येत असे, हे अनेकांना आठवत असेल. मोबाइलमधून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी रेडिओच्या तारांत शिरून तेथे नको असलेला विद्युतप्रवाह निर्माण करीत. यालाच विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. रेडिओतील खरखर निरुपद्रवी असते. परंतु असा व्यत्यय हृदयाच्या पेसमेकरमध्ये किंवा विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेत निर्माण झाला, तर प्रश्न जिवाचा होतो.

यापासून संरक्षणाचा मार्ग मायकेल फॅरडे यांनी दाखविला. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाकडे वळला. १८३६ मध्ये त्यांनी धातूने मढविलेली १२ फुटी खोली उभारली, ती बाहेरून विद्युतभारित करविली आणि स्वतः आत बसले. आतील संवेदनशील उपकरणांना विजेचा मागमूसही लागला नाही. आजही एमआरआय यंत्राच्या खोलीला तांब्याचे अस्तर देतात, ते याच तत्त्वावर.

धातूच्या कवचाला दोन मर्यादा आहेत. पहिली वजनाची. एक घन सेंटिमीटर तांबे जवळजवळ ९ ग्रॅम भरते. विमान वा उपग्रहात हा भार महाग पडतो. दुसरी अशी की, धातू बहुतेक लहर परतवून लावतो आणि परतलेली लहर शेजारच्या यंत्राला त्रास देऊ शकते.

यावर संशोधकांनी शोधलेला उपाय म्हणजे स्पंजासारखे सच्छिद्र नॅनोपदार्थ. छिद्रांतून लहर निसटत कशी नाही? मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातील जाळी पाहावी. आतील लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि जाळीची छिद्रे त्याहून कितीतरी लहान. म्हणून प्रकाश बाहेर येतो, ती लहर येत नाही. सच्छिद्र नॅनोपदार्थांतील छिद्रे तर याहूनही सूक्ष्म असतात. शिवाय लाट कातळावर आपटली तर माघारी फिरते, खारफुटीत शिरली तर मुळामुळांत विरते; तसे येथे घडते. लहर आत शिरते, विद्युतवाहक भिंतींवर पुनःपुन्हा आदळते आणि तिची ऊर्जा किंचित उष्णतेत रूपांतरित होते.

हे पदार्थ घडविण्याची एक रीतही लक्षवेधी आहे. ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांचे पाण्यातील मिश्रण गोठवितात. बर्फाचे स्फटिक वाढताना पत्र्यांना बाजूला सारतात. नंतर निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करतात. बर्फाच्या जागी पोकळी उरते.

चीनमधील शेनयांग येथील संशोधकांनी वेगळ्या रीतीने बनविलेल्या ग्राफीन-फेसाची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची घनता तांब्याच्या सुमारे दीडशेवा भाग होती, तरी त्याची रोधक्षमता ३० डेसिबल भरली. म्हणजे लहरीच्या शक्तीचा हजारावा भागच पार जाई. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये मॅक्सीन हा पदार्थवर्ग सापडला. २०१६ मध्ये त्याच्या अवघ्या ४५ मायक्रोमीटर जाडीच्या पटलाने ९२ डेसिबलपर्यंत मजल मारली. आता त्याचेही सच्छिद्र रूप घडविले जाते.

अडचणी मात्र उरल्या आहेत. मॅक्सीन दमट हवेत हळूहळू खराब होते. ते बनविण्याच्या मूळ रीतीत हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते आणि ते कामगारांसाठी अत्यंत घातक असते. हलके कवच कोणाच्या तरी हातांना जाळून मिळणार असेल, तर ती प्रगती अपुरीच म्हणावी लागेल. म्हणूनच निर्धोक रीतींचा शोध चालू आहे.

पालकांसाठी एक सूचना. बाजारात मोबाइलवर चिकटविण्याच्या ‘किरणरोधक’ पट्ट्या मिळतात. कवच यंत्राला सर्व बाजूंनी वेढते तेव्हाच पुरते काम करते, आणि मोबाइलला तसे वेढले तर फोन लागणारच नाही. फोन व्यवस्थित लागत असेल, तर पट्टीने लहरी अडविलेल्या नाहीत हे उघड आहे. विकणाऱ्याचा दावा तपासण्यास एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.