शाळेत पाणी पितोस ना?

सुमारे दहा वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी वर्षभरात तिसऱ्यांदा माझ्या बडोद्याच्या दवाखान्यात आला. सोनोग्राफीत दोष नव्हता. भरपूर पाणी पिण्यास सांगताच तो हळूच म्हणाला, "डॉक्टरकाका, शाळेत मी पाणी पीतच नाही." त्याच्या नाजूक चालण्याबोलण्यावरून मुले त्याला स्वच्छतागृहात गाठून छळत, म्हणून घरी परतेपर्यंत तो लघवी रोखून धरी. आधीच्या दोन भेटींत मी केवळ प्रतिजैविके लिहून दिली, विचारले काहीच नाही, ही सल आजही आहे.

त्याच्या संमतीने मी मुख्याध्यापिकांना भेटलो. "त्यालाच जरा मुलासारखे वागायला सांगा," असे त्या प्रथम म्हणाल्या. अखेर शिक्षकांचे स्वच्छतागृह त्याला खुले झाले. मधल्या सुट्टीत एक शिक्षक व्हरांड्यात थांबू लागले. संसर्ग पुन्हा झाला नाही. तो पुढे कोण होईल, हे त्यालाही ठाऊक नव्हते. सुरक्षिततेसाठी ते ठरण्याची गरजही नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. तृतीयपंथीयांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभावरहित, समावेशक शिक्षणाचे बंधन घातले. एनसीईआरटीची २०२१ मधील शिक्षकांसाठीची पुस्तिका मात्र आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून हटवली गेली.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. मूल शाळेत येणे पुरेसे नाही. त्याला तेथे निर्भयपणे बसता यावे. आपल्यापैकी अनेक जण शाळांत आरोग्यतपासणीस जातात. उंची-वजनाबरोबर एवढे जरूर विचारावे : "शाळेत पाणी पितोस ना?"