क्रोमॅटिक हार्मोनिका

क्रोमॅटिक हार्मोनिका हे तोंडाने फुंकून व श्वास आत ओढून वाजवण्याचे सुषिर वाद्य आहे. सप्तकातील बाराही स्वर देणारा हा माउथ ऑर्गनचा एक प्रकार होय. साध्या माउथ ऑर्गनमध्ये केवळ सात शुद्ध स्वरांची रचना असते. त्यामुळे एकाच गाण्यात एखाद्या स्वराची शुद्ध व कोमल अशी दोन्ही रूपे आली, तर ते वाद्य अपुरे पडते.

रचना

प्रत्येक छिद्राला चार धातूच्या स्वरपत्त्या असतात. उजव्या टोकाची कळ दाबली की आतील सरकपट्टी हलते आणि स्वर अर्ध्या स्वराने चढतो. 12 छिद्रांच्या वाद्यात 48 पत्त्या व तीन सप्तके, तर 16 छिद्रांच्या वाद्यात 64 पत्त्या व चार सप्तके असतात.

स्वरस्थाने

पांढरी एकच्या (सी) वाद्यात पांढरी एक हा षड्ज धरल्यास पहिल्या चार छिद्रांत फुंकून अनुक्रमे सा, ग, प, सां आणि ओढून रे, म, ध, नी मिळतात. पुढील चार छिद्रांत हीच रचना वरच्या सप्तकात येते. म्हणून चौथ्या व पाचव्या छिद्रांत फुंकल्यावर एकच स्वर उमटतो. कळ दाबून सा व प फुंकल्यास कोमल रे व कोमल ध, तर रे, म व ध ओढल्यास कोमल ग, तीव्र म व कोमल नी मिळतात. भैरव रागाचे कोमल रे आणि शुद्ध ग साध्या माउथ ऑर्गनवर एकत्र साधत नाहीत. येथे ते सहज वाजतात.

निवड

नवशिक्यांना सहसा पांढरी एकचे 12 छिद्रांचे वाद्य सुचवले जाते. बारा स्वर उपलब्ध असल्याने याच वाद्यावर इतर पट्ट्यांतील गाणीही वाजवता येतात. खरेदीपूर्वी प्रत्येक छिद्र फुंकून व ओढून, कळ दाबून व सोडून असे चारही प्रकारे तपासावे. कळ अडखळता कामा नये आणि हवा गळता कामा नये. सील न केलेला लाकडी सांगाडा ओलाव्याने फुगू शकतो. त्यामुळे मुंबईसारख्या दमट हवेत प्लास्टिकचा सांगाडा सोयीचा ठरतो.

वादन व निगा

ओठांचा चंबू करून एका वेळी एकच छिद्र वाजवण्याचा सराव प्रथम करतात. फुंकर हलकी ठेवावी लागते. जोराने फुंकल्यास पत्त्या लवकर बिघडतात. वादनानंतर वाद्य तळहातावर हलके आपटून आतील लाळ काढतात व ते कोरडे होऊ देतात. स्वर पत्त्यांनी निश्चित झालेले असल्याने हार्मोनियमप्रमाणेच या वाद्यावरही श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवणे कठीण असते. मींडही मर्यादित प्रमाणातच घेता येते.

मुंबईतील चित्रपटसंगीत

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीने हार्मोनिकाचा स्वर घरोघरी पोहोचवला. ‘सोलवा साल’ (1958) व ‘दोस्ती’ (1964) या चित्रपटांसाठी राहुल देव बर्मन यांनी हार्मोनिका वाजवली. ‘शोले’ (1975) मधील हार्मोनिकाची धून भानू गुप्ता यांनी वाजवली होती.